अकरांपैकी दोनच कथा आवडल्या, हे लेखकासमोर कसं सांगू?

हे पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई पस्तिशीतल्या आहेत. घरची शेती कोरडवाहू, पराटी म्हणजे कापूस आणि तुरीची. वावरातलं काम करून त्या बचत गटाचा हिशेब सांभाळतात, लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाल्या आहेत. गावच्या वाचनालयातून कथासंग्रह आणतात आणि वाचून काय वाटलं ते एका वहीत लिहून ठेवतात. वाचनालयाचं काम पाहणाऱ्या निवृत्त गुरुजींच्या हाती ती वही पडली. पुढच्या महिन्यात तालुक्यातल्याच एका लेखकाच्या नव्या कथासंग्रहावर कार्यक्रम आहे, लेखक स्वतः येणार आहेत, तिथे तू बोल, असं गुरुजींनी त्यांना सांगितलं. संग्रहात अकरा कथा आहेत, सगळ्या शेतकऱ्यांच्या घरातल्या. ताईंना दोन फार आवडल्या. उरलेल्यांत "बाई आली की ती रडतेच". एका कथेत श्रावणाच्या झडीत, म्हणजे सततच्या पावसात, बाया कापूस वेचताहेत. सासूबाईंना एक कथा वाचून दाखवली तर त्या म्हणाल्या, "आपल्याकळे असं कोन बोलते वं?" आणखी एका कथेत कर्जापायी जीव देणारा तरुण आहे. ताईंच्या धाकट्या दिराचं तसंच झालेलं. ती कथा त्यांनी अर्ध्यात मिटली आणि हे घरात कोणाला सांगितलं नाही. भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणतात, आपल्या भागाचा माणूस आहे, चांगलंच बोल, नाही तर जाऊ नको. गुरुजी म्हणतात, वहीतलं वाचू नको, ते नुसतं तुला काय वाटलं ते आहे, समीक्षा लिहून आण. त्यात गुरुजींनीच दिलेला जी. ए. कुलकर्णींचा 'काजळमाया' ताईंना पुढे नेववला नाही. म्हणून त्या विचारतात: "मला मत द्यायचा हक्क आहे का? खोटं चांगलं बोलू, खरं बोलू, की जाऊच नको?"

प्रिय ताई,

आवडलेल्या दोन कथांपैकी एकीबद्दल तुम्ही वहीत लिहिलेला मजकूर पत्रात उतरवून पाठवलात, हे फार चांगलं केलंत. संध्याकाळी काट्यावर वजन चाललेलं असताना एक बाई आपल्या गाठोड्यातला कापूस शेजारच्या म्हातारीच्या गाठोड्यात गुपचूप सरकवते. म्हातारीला ते कळतं, पण ती बोलत नाही. खाली तुम्ही लिहिलंय, "आधी काट्यापाशी मी आकड्याकडे पाहायची, आता बायांच्या तोंडाकडे पाहते." गुरुजी ज्याला 'नुसतं तुला काय वाटलं ते' म्हणतात, ते हे आहे. मी कितीतरी वर्षं मराठी शिकवलं. परीक्षेत मुलं कथासंग्रहावर 'वास्तववादी', 'हृदयस्पर्शी', 'ग्रामीण जीवनाचं प्रभावी चित्रण' असं भरभरून लिहीत आणि त्यावरून पुस्तक खरोखर वाचलंय की नाही, हेही कळत नसे. तुमच्या त्या एका वाक्यावरून मला कथा कळली, आणि ती वाचणारी बाईही कळली.

गुरुजींच्या सांगण्यात तथ्य नाही असं मात्र समजू नका. काय वाटलं एवढ्यावर थांबलं तर ऐकणाऱ्याला त्यात हात घालता येत नाही. एक आवडलं म्हणणार, दुसरा नाही आवडलं म्हणणार, आणि चर्चा तिथेच संपणार. पण त्यावरचा उपाय तुम्हाला वाटतो तो नाही. मोठे शब्द उसने आणायची, पाश्चात्त्य समीक्षकांची नावं पाठ करायची गरज नाही. जे वाटलं ते कथेत नेमकं कुठे वाटलं, ती जागा दाखवायची. जाणते समीक्षकसुद्धा तिथूनच सुरुवात करतात. 'कथा रडवी वाटली' असं तुमच्या वहीत एके ठिकाणी आहे. त्याच कथेकडे परत जा आणि तुमचं मन कोणत्या वाक्यापाशी बाहेर पडलं ते शोधा. कदाचित असं सापडेल: नवरा बाजारातून रिकाम्या हातानं येतो आणि ती न बोलता चुलीवरचं आधण उतरवते, तिथपर्यंत तुम्ही तिच्या सोबत होता. पुढच्या परिच्छेदात लेखक तिचं दुःख केवढं मोठं आहे ते समजावून सांगू लागला, आणि तुम्ही वाचक उरलात. असं सांगितलंत तर गुरुजी, भासरे, लेखक, कुणीही तुमच्याशी वाद घालू शकेल. वाद घालता येईल असंच मत मांडा, म्हणजे त्यातून लेखकालाही काही मिळेल.

आता 'अकरांपैकी दोनच'. तुम्ही हा आकडा लेखकाचा अपमान असल्यासारखा लिहिला आहे. मला तसं वाटत नाही, आणि यामागे तुम्ही संग्रहाकडे कादंबरीसारखं, एकसंध वस्तू म्हणून पाहताय असं दिसतं. मराठी कथा वाढली ती मासिकांत आणि दिवाळी अंकांत. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'नं १९०९मध्ये दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कितीतरी लेखकांनी वर्षाला एक-दोन कथा अशाच अंकांसाठी लिहिल्या. नवकथेच्या, म्हणजे स्वातंत्र्याच्या आगेमागे मराठी कथेनं नवं वळण घेतलं त्या काळात 'सत्यकथा'सारखं मासिक कथा निवडून, लेखकाशी पत्रव्यवहार करून छापत असे. ते १९८२मध्ये बंद पडलं. आजही गावाकडचा लेखक नोकरी-शेती सांभाळून या अंकाला एक, त्या अंकाला एक असं लिहितो आणि दहा-बारा कथा साठल्या की पुस्तक होतं. कापसाची वेचणी एका दिवसात होत नाही, बोंडं फुटतील तशी ती दोन-तीनदा करावी लागते आणि पहिल्या वेच्याचा कापूस शेवटच्यासारखा नसतो, हे तुम्हाला मी काय सांगू. संग्रहातल्या कथाही तशाच वेगवेगळ्या काळातल्या असतात. त्यात दोन कथा अशा निघाल्या की वाचणाऱ्या बाईची काट्याकडे पाहायची नजर बदलली, तर त्या पुस्तकानं पुष्कळ दिलं.

म्हणून एक करून पाहा. या अकरा कथा तुम्ही तीन रात्रींत वाचल्या, असं पत्रात आहे. प्रत्येक कथेत बाई रडते ही तक्रार थोडी त्या सलग वाचण्यातूनही आलेली असू शकते. वेगवेगळ्या दिवाळी अंकांत एकेक वाचली असती तर कदाचित खटकलीही नसती. न आवडलेल्या नऊपैकी तीन निवडा आणि मध्ये दोन-दोन दिवस सोडून पुन्हा वाचा. त्यातली एखादी उघडली तर आनंदच आहे. तिन्ही तशाच राहिल्या तर तुमचं मत आता पक्कं झालं, आणि ते सांगताना आवाज कापणार नाही.

ते खरंच पक्कं झालं, असं धरून पुढे जाते. 'बाई रडतेच' यात तुमचा आक्षेप नेमका कशावर आहे? आपल्याकडच्या बाया रडतात. तुम्हीही रडला असाल, आणि ते लिहिणं हा काही गुन्हा नाही. मला तुमच्या पत्रातून वाटतं ते असं की लेखकानं त्या बायांना रडण्यावाचून दुसरं काही करायला ठेवलेलं नाही. ती कर्जाचा हिशेब करत नाही, कुणावर चिडत नाही, शेजारणीशी भांडत नाही, तिला काही हवंसं वाटत नाही. उद्धव शेळक्यांची 'धग' तुमच्या वाचनालयात असेल तर काढा. ती कथासंग्रह नव्हे, १९६०ची कादंबरी आहे, पण या प्रश्नासाठी ती वाचायलाच हवी. त्यातली कौतिक आपल्याच वऱ्हाडातली, नाकर्त्या नवऱ्याचा संसार अंगावर घेतलेली. तिच्या वाट्याला आलेलं दुःख तुमच्या संग्रहातल्या कोणत्याही बाईपेक्षा कमी नाही. तरी आपल्याला आठवते ती तिची धडपड. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' तर अनेकांनी शाळेतच वाचलेली असते. ते मराठवाड्याचे, कथा टमाट्याची. भाव पडलेला आहे, माल खपत नाही, आणि शेवटी बाप भर बाजारात स्वतःच्या हातानं पिकवलेले टमाटे पायांखाली तुडवतो. लेखक तिथे शेतकऱ्याच्या दुरवस्थेवर भाषण करत नाही. तो बापाचे पाय दाखवतो. दुःखाच्या कथेत माणसाला काहीतरी करायला लावलं की काय होतं, ते तिथे दिसतं. तुम्हाला आवडलेल्या काट्याच्या कथेतही हेच झालंय, ती बाई काही करते. म्हणजे तुमच्या लेखकाला हे जमतं. मग कार्यक्रमात त्यांना विचारता येईल, "म्हातारीच्या गाठोड्यात कापूस सरकवणारी बाई तुम्हीच लिहिलीत, मग बाकीच्या घरांतल्या बायांना तसं काही करायला का मिळालं नाही?" मला हा प्रश्न अतिशय आदराचा वाटतो. ज्याची चांगली कथा मनापासून वाचली आहे, त्यालाच तो विचारता येतो.

श्रावणातल्या वेचणीबद्दल तुमचा राग मला समजतो. जूनमध्ये पेरलेली पराटी श्रावणात पात्या-फुलं धरू लागते. बोंड फुटून घरात कापूस यायला दसरा-दिवाळी उजाडते, आणि सीतादईची पूजा केल्याशिवाय पहिली वेचणी होत नाही हे तिथल्या पोरालाही ठाऊक. कापसाच्या मुलखातल्या लेखकानं एवढं चुकावं, हे लागतं. तरी ताई, इथे थोडं थांबा. वावर तुम्हाला ठाऊक आहे म्हणून कथेबद्दलचा शेवटचा शब्द तुमचाच, असं आपोआप होत नाही. त्या चुकीमुळे कथेचं काही मोडतं का, ते आधी पाहा. पावसात भिजलेल्या कापसावरच सगळी कथा उभी असेल, तर मोडतं, आणि ते बोलायला हवं. (तशीच कथा दिवाळीनंतरच्या अवकाळी पावसाची झाली असती तर अगदी खरी ठरली असती, हेही लेखकाला सांगता येईल.) झडी नुसती मागे पडत असेल, तर ती महिन्याची चूक आहे. ती कार्यक्रमाआधी किंवा नंतर लेखकांना बाजूला घेऊन सांगा, किंवा पोस्टकार्ड टाका. दुसऱ्या आवृत्तीत ते दुरुस्त करतील आणि आयुष्यभर तुमचं नाव काढतील. चारचौघांत सांगितलं तर लोक तेवढंच लक्षात ठेवतील, हसतील, आणि बायांबद्दलचा तुमचा खरा प्रश्न बाजूला पडेल.

सासूबाईंच्या कानावर माझा विश्वास आहे. बोलीतली कथा मोठ्यानं वाचून दाखवणं यासारखी परीक्षा नाही, आणि तुम्ही ती न सांगता घेतलीत. एवढंच तपासा की कथा घडते कुठे. बुलढाण्याकडची वऱ्हाडी आणि वणी-पांढरकवड्याकडचं बोलणं एक नाही, आणि भंडारा-गडचिरोलीकडची झाडीबोली तर आणखी निराळी. गाव तुमच्याच पट्ट्यातलं असेल तर सासूबाईंचं वाक्य त्यांच्या परवानगीनं, त्यांच्याच शब्दांत कार्यक्रमात सांगा.

आता मिटलेल्या कथेबद्दल. त्या कथेवर बोलायचं तुमच्यावर कसलंही बंधन नाही. अकरा कथांच्या पुस्तकावर बोलणारा माणूस अकराही कथांचा उल्लेख करत नसतो. ती सोडलीत तर कुणी विचारणार नाही, आणि विचारलं तर "ती मी पूर्ण वाचलेली नाही" एवढं पुरे. तुम्ही लिहिलंय, "मला लेखकाचा राग आला, मग स्वतःचा आला." वाचताना येणारा राग दोन प्रकारचा असतो असं मला वाटतं. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३मध्ये आला. जात लपवून नोकरी करावी लागणाऱ्या तरुणाची त्यातली त्याच नावाची कथा वाचून आजही अंगाचा तिळपापड होतो, पण तो राग कथेतल्या जगावर असतो, बागुलांवर नसतो. दुसरा राग लेखकावर येतो. आपल्या घरातलं मरण त्यानं सोपं करून टाकलं, दोन पानांत आणि एका दोरात गुंडाळलं, म्हणून येतो. तुमचा कोणता, हे अर्धी कथा वाचून ठरवता येणार नाही, आणि ठरवण्यासाठी ती पूर्ण वाचाच असंही मी म्हणणार नाही. वर्षभरानं वाटलं तर वाचा. वहीतलं ते पान कोरं राहिलं तरी चालेल. मात्र हे घरात कुणालाच सांगितलं नाही, ते मला लागून राहिलं आहे. कथेबद्दल नाही, दिराबद्दल कुणाशी तरी बोला. जावेशी, नवऱ्याशी, सासूबाईंशी. त्यांनीही ते नाव तसंच मनात दाबून ठेवलेलं असेल. रात्री झोप लागत नसेल, तेच तेच डोळ्यांसमोर येत असेल, तर सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

भासऱ्यांचं म्हणणं मी हलक्यानं घेत नाही. शहरातला समीक्षक लिहून मोकळा होतो. तुमची आणि लेखकाची गाठ बाजारात, लग्नात, दवाखान्यात पडणार. तुम्ही बोललेलं तुमच्या घराचं बोलणं समजलं जाणार. म्हणून न जाण्याचा पर्यायही खरा पर्याय आहे आणि त्यात भ्याडपणा नाही. खोटं गोड बोलण्याचा पर्याय मात्र मी काढून टाकते. त्यानं लेखकाचं काही भलं होत नाही, आणि गावातल्या बायांनी वाचावं आणि बोलावं म्हणून तुम्ही जे करताय, त्याचा पायाच खचतो. माझं मत विचाराल तर जा आणि बोला. पण भासऱ्यांना आधी काय बोलणार ते वाचून दाखवा. बहुतेक वेळा घरच्यांना भीती असते ती भांडणाची, आणि तुमच्या मजकुरात भांडण नाही हे त्यांना ऐकूनच पटेल. गुरुजींनाही आठवडाभर आधी द्या. जमलं तर त्यांच्या हातून तो प्रश्न लेखकाकडे पोचवा, म्हणजे मंचावर त्यांना अचानक अडवल्यासारखं होणार नाही. उत्तराचा विचार करून यायला त्यांनाही वेळ मिळेल.

बोलायला दहा-बारा मिनिटं पुरेत. सुरुवातीला संग्रहाबद्दल काही बोलूच नका. पुस्तक उघडा आणि काट्याची कथा अर्धं पान मोठ्यानं वाचा. सभेत बसलेल्या निम्म्या बाया वेचायला जाणाऱ्या असणार, त्या लगेच ऐकू लागतील. मग वहीतलं ते वाक्य सांगा, आकड्याकडे आणि तोंडाकडे पाहण्याचं. दुसरी आवडलेली कथा थोडक्यात. मग बायांबद्दलचा प्रश्न, पानाचा आकडा आणि वाक्य दाखवून, आणि त्यावर लेखकांना बोलू द्या. ते कदाचित असं काही सांगतील की तुम्हाला तुमचं मत बदलावंसं वाटेल. तसं वाटलं तर तिथेच तसं म्हणा.

'काजळमाया' झेपला नाही म्हणून स्वतःच्या वाचनावर शंका घेऊ नका. जी. ए. थोर लेखक आहेत, पण त्यांच्यात शिरायची वाट प्रत्येकाला तिथूनच सापडते असं नाही. १९७२च्या 'काजळमाया'पर्यंत येता येता त्यांची कथा बरीच रूपकाकडे, दंतकथेकडे वळली होती. त्याआधीचे 'निळासावळा' (१९५९), 'पारवा' (१९६०) आणि 'हिरवे रावे' (१९६२) हे संग्रह पाहा. त्यांत घरं आहेत, लहान गावं आहेत, नात्यांतली कुचंबणा आहे. तिथून सुरुवात केलीत तर 'काजळमाया'त पुन्हा जावंसं वाटेल. नाही वाटलं तर न जाताही वाचकाचं आयुष्य चांगलं जातं.

वही मात्र सोडू नका, आणि ज्या वाचकांच्या मनात अशीच वही लिहायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. एक कथा झाली की दुसरी उघडण्याआधी चार ओळी लिहा, कारण दुसरी कथा पहिलीचा ठसा पुसते. संपूर्ण संग्रह झाल्यावर लगेच निकाल देऊ नका. आठ-पंधरा दिवसांनी पुस्तक न उघडता कोणत्या कथा आठवतात ते लिहा आणि आधीच्या ओळींशी ताडून पाहा. वाचताना भारावून टाकलेली कथा कित्येकदा या यादीत नसते, आणि कंटाळवाणी वाटलेली एखादी हटकून असते. लेखक मोठा आहे, आपल्या जातीचा आहे, आपल्या जिल्ह्याचा आहे, हे सगळं पहिल्या चार ओळी लिहून झाल्यावर आठवावं.

गावातल्या लहान वाचनालयाचं कपाट लवकर संपतं. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेल्या वाचनालयाला अनुदान मिळतं आणि त्यातला काही भाग पुस्तकांवर खर्चायचा असतो. म्हणून खरेदीच्या आधी गुरुजींकडे यादी द्या. आपल्या भागातली कथा मागा: नरखेडला जन्मलेले आणि १९७९च्या चंद्रपूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले वामन चोरघडे, उद्धव शेळक्यांचा 'शिळान', 'बारोमास' लिहिणाऱ्या बुलढाण्याच्या सदानंद देशमुखांचे कथासंग्रह, प्रतिमा इंगोले यांचा वऱ्हाडी बोलीतला 'हजारी बेलपान'. प्रत्येकाचं एकेकच पुस्तक मागितलंत तर यादी मंजूर व्हायला सोपं जाईल. पुस्तक आलं की ते बचत गटात फिरवा, पण एका बैठकीला एकच कथा ठरवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच बोलीत, नावासकट वहीत उतरवून घ्या.